पहाटे साडेचारला उठवणारं मांजर, पाचला दार खरवडणारा कुत्रा: त्यांचं घड्याळ कसं बदलायचं

मांजर छातीवर येऊन बसतं आणि पंजाने हलकेच गाल चाचपतं. त्याने जाग आली नाही तर पांघरुणाबाहेर आलेल्या अंगठ्याला दात लावतं, नाहीतर उशाशी ठेवलेला चष्मा, मोबाइल, स्टीलचा पेला एकेक करून खाली ढकलतं. कुत्रा गादीच्या कडेवर हनुवटी टेकवतो, ओलं नाक हाताला लावतो, शेपटी कपाटावर धपाधप आपटतो, शेवटी दार खरवडायला लागतो. यातली नेमकी कुठली युक्ती तुमच्या घरी चालते, हे जनावर घरातच शिकतं. ते दहा गोष्टी करून बघतं. ज्या गोष्टीला तुम्ही डोळे उघडले, कूस बदलली, "झोप ना रे बाबा" म्हणालात, ती टिकते आणि बाकीच्या गळून पडतात.

म्हणून याला खोडी समजलं की उपाय सापडत नाही. हे एक वेळापत्रक आहे आणि बहुतेक वेळा ते घरानेच नकळत लिहून दिलेलं असतं. ते बदलता येतं. साधारण पाच-सहा आठवडे लागतात, आणि नागपुरात हे काम वर्षातून दोनदा करावं लागतं.

पहाटच का

मांजर हा रात्रीचा प्राणी आहे असं सर्रास म्हणतात, पण त्याची खरी वेळ म्हणजे तिन्हीसांजा आणि पहाट. अंधूक उजेडात ते आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं बघतं, आणि उंदीर-पाखरांची हालचालही त्याच वेळी सुरू होते. सशाचंही तसंच. कुत्रा माणसासोबत राहून दिवसाचा प्राणी झाला, पण त्याची झोप तुकड्यातुकड्यांची असते. रात्रीतून तो अनेकदा जागा होतो, कानोसा घेतो आणि पुन्हा झोपतो. पहाटे आपलीही झोप पातळ झालेली असते. आपण कूस बदलतो, श्वासाची लय बदलते आणि उशाशी बसलेल्या जनावराला ते लगेच कळतं.

दुसरं कारण पोटाचं. रोज ठरलेल्या वेळी खाणं मिळणाऱ्या प्राण्याचं शरीर त्या वेळेच्या तास-दोन तास आधीच तयारीला लागतं. सकाळी सहाला वाटी भरत असाल तर साडेचार-पाचपासून घरात येरझारा सुरू होणारच. मांजराकडे तर यासाठी खास आवाज आहे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या कॅरेन मॅककॉम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवून दिलं की खाणं मागताना मांजराच्या घुरघुरीत एक उंच, रडण्यासारखा स्वर मिसळलेला असतो. तो तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या पट्टीच्या जवळ जातो. मांजर न पाळणाऱ्या माणसांनाही ही घुरघुर निकडीची वाटली. त्या आवाजाने तुम्ही उठता यात तुमचा कमकुवतपणा नाही.

तिसरं कारण उजेडाचं, आणि इथे नागपूर वेगळं पडतं. आपलं शहर मुंबईच्या बरंच पूर्वेला आहे, त्यामुळे उन्हाळ्यात सूर्य इथे मुंबईपेक्षा पंचवीस-तीस मिनिटं आधी उगवतो. जूनच्या सुरुवातीला नागपूरचा सूर्योदय साडेपाचच्या सुमारास असतो आणि पाचनंतर लगेच फटफटायला लागतं. जानेवारीत तोच सूर्योदय सात वाजायला दहा मिनिटं कमी असताना होतो. म्हणजे जवळपास ८० मिनिटांचा फरक. भिंतीवरचं घड्याळ तेच राहतं, पण जनावराचं घड्याळ सरकतं. मुंबई-पुण्याच्या माणसाने सांगितलेल्या वेळा इथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत, त्या इथल्या उजेडावरूनच ठरवाव्या लागतात.

आधी ७ दिवस फक्त लिहा

पहिला आठवडा काहीही बदलू नका. वहीत रोज सहा गोष्टी टिपा: रात्रीचं शेवटचं खाणं किती वाजता आणि काय, शेवटची लघवी किती वाजता, कोणी किती वाजता उठवलं, कसं उठवलं, त्याच्या आधी बाहेर कसला आवाज झाला का, आणि उठल्यावर तुम्ही काय केलं. सगळ्यात महत्त्वाचा रकाना शेवटचा आहे आणि लोक नेमका तोच गाळतात. "काही नाही केलं" असं लिहिलेलं असतं, पण खोदून विचारलं की कळतं, डोकं खाजवलं होतं.

आवाजाचा रकाना नीट भरा. नळ येण्याची वेळ आणि त्यासोबत खाली सुरू होणारी मोटर, पेपरवाल्याची सायकल, दूधवाल्याची बादली, गल्लीतल्या कुत्र्यांचं कोरस, उन्हाळ्यात अंधारातच सुरू होणारा कोकीळ आणि भल्या पहाटे गाणारा दयाळ पक्षी. कुत्रा रोज बरोबर ५ वाजून १० मिनिटांनी उठवत असेल तर त्याला घड्याळ कळतं असं नाही, त्या वेळी शेजारची मोटर सुरू होत असते.

इथे एक गोष्ट सहज निसटते. उन्हाळाभर कूलरच्या घरघरीत हे सगळे आवाज बुडून जातात. ऑक्टोबरमध्ये कूलर बंद होतो, घर एकदम शांत होतं आणि गल्लीतला प्रत्येक आवाज आत येतो. "दिवाळीपासून कुत्रा लवकर उठायला लागला" या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं. उपायही सोपा आहे. टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून मंद गतीवर लावा आणि कुत्र्याचं अंथरूण रस्त्याकडच्या भिंतीपासून आतल्या बाजूला हलवा.

गरज आहे की सवय

वही भरली की हा प्रश्न सोडवायचा. कुत्र्यासाठी एक साधी परीक्षा आहे. पहाटे त्याने उठवलं की न बोलता, मोठा दिवा न लावता पट्टा बांधा, खाली न्या आणि एकाच जागी पाच मिनिटं उभे राहा. पहिल्या मिनिटात त्याने एकदम बरीच लघवी केली, तर ती गरज होती. वास घेत, इकडे-तिकडे ओढत राहिला, तर त्याला फिरायचं होतं. ती सवय. सलग तीन दिवस बघून मगच ठरवा.

गरज दिसली तर त्यामागे आजार आहे का ते आधी तपासायचं, कारण आजारावर शिस्त चालत नाही. पूर्वी रात्रभर झोपणारं जनावर अचानक उठवायला लागलं तर संशय जास्त धरा. मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, मूत्रमार्गातला संसर्ग, कुशिंग (शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त तयार होण्याचा आजार) यांत तहान आणि लघवी दोन्ही वाढतात. खाजेसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू असतील तरी तेच होतं. दहा वर्षांवरचं मांजर भरपूर खाऊनही वाळत असेल आणि पहाटे मोठमोठ्याने ओरडत असेल, तर थायरॉइड आणि रक्तदाब तपासून घ्यावा.

पाणी किती पितो हे घरीच मोजा. सकाळी मोजून १ लिटर पाणी वाडग्यात घाला, दिवसभरात भर घातली तर तीही लिहा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजा. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात वाडग्यातलं पाणी नुसतं वाफ होऊनही बरंच कमी होतं, म्हणून तसाच दुसरा वाडगा तेवढंच पाणी घालून जनावराचं तोंड पोचणार नाही असा उंचावर ठेवा. त्यात जेवढी घट होईल तेवढी पहिल्यातून वजा करा. त्या दिवशी बादल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि कूलरची टाकी झाकून ठेवा, नाहीतर हिशेब फसतो. कुत्रा दिवसाला दर किलो वजनामागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पीत असेल, म्हणजे १२ किलोचा कुत्रा १,२०० मिलिलिटरच्या वर जात असेल, तर डॉक्टरकडे न्या. मांजरासाठी ही रेषा दर किलोमागे ५० मिलिलिटरच्या आसपास आहे. सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यक महाविद्यालयाचा दवाखाना आहे. नेहमीचे डॉक्टर असतील तर आधी त्यांच्याकडे जा. कुठेही गेलात तरी ही वही सोबत न्या, कारण "खूप पाणी पितो" यापेक्षा आकडा जास्त कामाचा असतो.

आणखी काही खुणा. पहाटे ओठ चाटणं, वारंवार गिळणं, बाहेर नेताच गवत खाणं आणि पिवळा फेस ओकणं, हे बऱ्याचदा लांबलेल्या रिकाम्या पोटामुळे होतं. अशा कुत्र्याला दिवसाच्या खाण्यातला पाचवा हिस्सा झोपण्याआधी दिला की अनेकदा थांबतं. उलटी आठवड्यातून दोनदा झाली किंवा त्यात रक्त दिसलं तर घरगुती उपाय नको. कान फडफडवून उठवणाऱ्या कुत्र्याचा कान उलटून बघा. पावसाळ्यात तपकिरी मळ आणि आंबूस वास असेल तर तो खाजेमुळे जागा आहे. गोचीड आणि पिसवाही अशाच झोपू देत नाहीत. आणि बोका लिटरमध्ये, म्हणजे शी-शूच्या पेटीत, पुन्हा पुन्हा बसतोय, कण्हतोय, पण लघवी होत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. त्याची मूत्रनळी अडलेली असू शकते आणि त्यात जीव जातो.

नसबंदी न झालेले बोके आणि माजावर आलेली मांजरी पहाटे ओरडतात, दार खरवडतात. त्यावर खाणं-खेळणं काही चालत नाही. नसबंदी हाच उपाय.

रात्रीच्या ताटापासून सुरुवात

पहाटेचं काम रात्री नऊला सुरू होतं.

आधी दूध-पोळीबद्दल. आपल्याकडे मांजराला आणि कुत्र्याला रात्री दूध-पोळी किंवा दूध-भात देण्याची जुनी रीत आहे आणि ती मायेची आहे. पण मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना आणि बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही. पोटात गुडगुडतं, शी पातळ होते आणि पहाटे चारला दाराशी रांग लागते. शिवाय दुधात बहुतेक पाणीच असतं. ते पहाटे बाहेर येणारच. अनेक घरांत रात्रीचं दूध बंद केल्यावर आठवड्याभरात निम्मा प्रश्न सुटतो. त्याऐवजी शिजवलेली कोंबडी किंवा अंडं घातलेला घट्ट भात द्या. मीठ, कांदा, लसूण अजिबात नको. फोडणीचं उरलेलं वरणही नको. अन्नात बदल करायचा तर ७ दिवसांत, थोडं जुनं कमी आणि थोडं नवं जास्त, असा करा.

मांजराचा क्रम असा: शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप. हा क्रम रात्री घडवून आणायचा. दहा वाजता काठीला दोरी आणि दोरीला पीस किंवा कापडाचा गोंडा बांधून १० ते १५ मिनिटं खेळवा. गोंडा मांजरापासून दूर पळायला हवा, त्याच्या तोंडाकडे येऊन नव्हे, कारण उंदीर मांजराच्या अंगावर चालून जात नाही. शेवटी त्याला पकडू द्या आणि लगेच जेवण द्या. लेसरचा ठिपका वापरत असाल तर शेवट हाताला लागणाऱ्या वस्तूवर करा, नाहीतर शिकार अर्धवट राहते आणि ते रात्रभर घरात शोधत फिरतं.

४ किलोच्या घरातल्या मांजराला कोरडं खाणं दिवसाला साधारण ६० ग्रॅम लागतं. पाकिटावरचा तक्ता बघून नक्की करा. त्याची वाटणी अशी: रात्री साडेदहाला २५ ग्रॅम, पहाटे १० ग्रॅम, सकाळी उशिरा १० ग्रॅम, संध्याकाळी १५ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा. मुठीचा अंदाज रोज बदलतो आणि मांजर त्या फरकाचा हिशेब पहाटे मागतं.

कुत्र्याचं शेवटचं फिरणं साडेदहा-अकराला ठेवा. नर कुत्रा पहिल्या दोन-तीन पिचकाऱ्या खुणेसाठी टाकतो, मूत्राशय त्याने रिकामं होत नाही. पहिल्या खांबावरून परत फिरू नका, दहा मिनिटं द्या. उन्हाळ्यात आपले सिमेंटचे रस्ते रात्री नऊपर्यंत तापलेले राहतात. हाताची पालथी बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवून बघा. तुम्हाला सहन झाली नाही तर त्याच्या पंजांनाही होणार नाही. चटके बसल्यामुळे घाईने परतलेला कुत्रा मूत्राशय भरलेलं घेऊनच झोपतो. आणि पहाटे लघवी लागू नये म्हणून रात्रीचं पाणी कधीही काढून ठेवू नका. नागपूरच्या मे महिन्यात ते धोक्याचं आहे.

उठणं आणि खाणं यांची गाठ सोडा

सगळ्यात उपयोगी बदल हाच आहे. तुम्ही उठलात की वाटी भरते, ही साखळी तुटली पाहिजे. उठल्यावर आधी तोंड धुवा, चहा ठेवा, आंघोळ करा. किमान ३० मिनिटं जाऊ द्या. मग एखादी ठरलेली खूण करा आणि वाटी भरा. जनावराचं लक्ष तुमच्या डोळ्यांवरून त्या खुणेवर जातं.

एकत्र कुटुंबात ही खूण आयती मिळते. घरात आजी किंवा आजोबा साडेचार-पाचला उठतात, मांजर त्यांच्या पायात येतं आणि त्या कौतुकाने थोडं काहीतरी घालतात. बाकीचं घर ज्या वेळी कसून नियम पाळत असतं, त्याच वेळी इथून रोज बक्षीस मिळत असतं. आजींना "देऊ नका" म्हणणं बरोबर नाही आणि ते टिकतही नाही. उलट सकाळचं खाणं आजींच्याच हाती द्या. फक्त एक अट ठेवा: पूजा आटोपून देवघरातली घंटा वाजली की मगच वाटी. दोन-तीन आठवड्यांत मांजर तुमच्या उशाशी यायचं सोडून देवघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसतं. जो जागा आहे त्याच्याकडे ते जातं, झोपलेल्याला सोडतं. एवढंच तर हवं होतं.

लवकर उठणारं कोणी नसेल तर टायमरवर खाणं सोडणारं यंत्र घ्या. ते लावताना लोक एक चूक हमखास करतात. सातला उठायचं म्हणून यंत्र सातलाच लावतात. मांजर चारला उठवत राहतं आणि चार ते सात रडतं. यंत्र आधी त्याच्या वेळेवर, किंबहुना थोडं आधी लावायचं. समजा वहीप्रमाणे ते ४ वाजून ४० मिनिटांनी उठवतं. मग यंत्र साडेचारला लावा, १० ग्रॅमवर. पहिले चार-पाच दिवस तेवढंच. मांजर तुमच्याऐवजी यंत्रापाशी जाऊन थांबायला लागलं की दर तिसऱ्या दिवशी १० मिनिटं पुढे सरकवा. साडेचारपासून साडेसहापर्यंत १२ टप्पे होतात, म्हणजे ३६ दिवस. मध्येच ते पुन्हा तुम्हाला उठवायला आलं तर एक टप्पा मागे या आणि पाच दिवस थांबा.

यंत्र झोपायच्या खोलीपासून सर्वांत लांबच्या खोलीत ठेवा. मांजर पंजा घालून दाणे काढत असेल तर ते भिंतीला टेकवून पट्टीने घट्ट बांधा. वीज गेली तर टायमर चुकतो, म्हणून सेल आणि अॅडॅप्टर दोन्हींवर चालणारंच घ्या. मुंग्यांसाठी यंत्र परातीत ठेवून परातीत बोटभर पाणी घाला. पावसाळ्यात दाणे दमट होऊन नळीत अडकतात, तेव्हा यंत्रात तीनच दिवसांचं खाणं भरा आणि नळी दर आठवड्याला कोरड्या कापडाने पुसा. ओलं खाणं अशा यंत्रात नको, आपल्या उकाड्यात ते काही तासांत आंबतं.

दुर्लक्ष करायचं तर पूर्ण

वरचं सगळं बसवल्यावरही काही दिवस ते जुन्या सवयीने येईलच. आता प्रतिसाद शून्य हवा. बोलणं नाही, ढकलणं नाही, डोळे उघडून बघणंही नाही. रागावणं हासुद्धा प्रतिसादच आहे. अर्धवट दुर्लक्ष हे मुळीच दुर्लक्ष न करण्यापेक्षा वाईट, कारण नऊ दिवस न उठता दहाव्या दिवशी वैतागून वाटी भरली तर जनावर एवढंच शिकतं की दहा दिवस चिकाटी धरली की मिळतं. लॉटरीचं तिकीट घेणारा माणूस असाच तिकीट घेत राहतो.

दिवा विझण्याआधी मोठा होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ओरडणं, खरवडणं आधीपेक्षा वाढेल. हे अपयशाचं लक्षण नाही, सवय सुटायला लागल्याची खूण आहे, आणि नेमकं याच टप्प्यावर बहुतेक घरं हार मानतात. म्हणून सुरुवात परीक्षा, पाहुणे, लग्नाच्या आठवड्यात करू नका. घरातल्या सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय तर नकोच.

तोपर्यंत उशाशी ढकलण्याजोगं काही ठेवू नका. दार खरवडत असेल तर खालच्या भागावर दुहेरी चिकटपट्टी लावा, मांजराला पंजाला चिकटणारं आवडत नाही. मच्छरदाणी लावत असाल तर तिच्या कडा गादीखाली नीट खोचा आणि मांजराची नखं दर दोन-तीन आठवड्यांनी कापा, नाहीतर जाळी आणि गाल दोन्ही फाटतात. चेहऱ्यावर ओरखडा आला किंवा दात लागला तर जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. जनावराचं लसीकरण झालेलं असलं तरीही.

पाण्याचा फवारा मारू नका. त्याने मांजर तुम्हाला घाबरायला शिकतं, झोपायला शिकत नाही. खोलीबाहेर ठेवायचं असेल तर बाहेर लिटर, पाणी आणि अंथरूण असलं पाहिजे. मे महिन्यात एकाच खोलीत कूलर किंवा एसी असेल तर बाहेर ठेवणं हा पर्यायच नाही. गच्चीवर किंवा बाल्कनीत तर कधीच नाही.

नागपूरची दोन वेळापत्रकं

एप्रिल ते जून कुत्र्याशी लढू नका. पहाटे साडेपाच ही त्या दिवसातली एकमेव वेळ असते जेव्हा रस्ता गार असतो आणि अंबाझरी-फुटाळा तलावांच्या बाजूला थोडा वारा असतो. आठ वाजता ऊन चटके द्यायला लागतं. नवतप्यात, म्हणजे २५ मेच्या सुमारास सुरू होणाऱ्या त्या नऊ दिवसांत, सकाळी साडेसहानंतर कुत्र्याला फिरवूच नये. पग, बुलडॉगसारखे चपट्या तोंडाचे कुत्रे तर या उन्हात लवकर कोसळतात. तेव्हा त्याने पाचला उठवलं तर त्याचं बरोबर आहे. तुम्हीच रात्री लवकर झोपा आणि दुपारची झोप घ्या.

हिवाळ्यात उलट. उजेड उशिरा होतो, फिरायला साडेसात-आठही चालतं. ऑक्टोबरच्या मध्यापासून दर चार-पाच दिवसांनी १५ मिनिटं फिरण्याची आणि खाण्याची वेळ पुढे न्या. मार्चच्या मध्यापासून तशीच मागे आणा. कुत्र्याला दोन्ही बदल जाणवतही नाहीत.

थंडीत मांजराचं उठवणं बऱ्याचदा भुकेचं नसतंच. रात्रीचं सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या आसपास असतं. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली उतरला की फरशीवर झोपलेलं मांजर पहाटे पांघरुणात शिरणारच. पुठ्ठ्याचं खोकं आडवं करा, तळाशी गोणपाट, वर घोंगडीचा तुकडा किंवा जुनी गोधडी घाला आणि फरशीपासून दोन-अडीच फूट उंच ठेवा. कडाक्याच्या रात्री गरम पाण्याची पिशवी टॉवेलात दोन वेढे गुंडाळून त्यात ठेवा. विजेची गादी नको, मांजर वायर चावतं.

दिवाळीत फटाक्यांना घाबरून कुत्रा संध्याकाळी बाहेर लघवीच करत नाही आणि पहाटे चारला कळवळतो. त्या चार दिवसांत अंधार पडण्याआधी एक फेरी आणि आवाज थांबल्यावर, साडेअकरानंतर, दुसरी ठेवा.

पिल्लं आणि म्हातारी जनावरं

पिल्लाला नियम लावायचा नसतो. वय जेवढे महिने त्यात एक मिळवा, साधारण तेवढे तास ते लघवी धरू शकतं. दोन महिन्यांचं पिल्लू तीन तास. रात्री झोपेत थोडं जास्त. ते रडून उठवण्याच्या १५ मिनिटं आधी तुम्हीच गजर लावून उठा, मंद उजेडात खाली न्या, काम झालं की गप्प परत आणा. दर तीन-चार दिवसांनी गजर १५ मिनिटं पुढे. त्याच्या रडण्यावर तुम्ही उठलात तर ते रडायला शिकतं. गजरावर उठलात तर ते झोपायला शिकतं.

दहा-अकरा वर्षांचा कुत्रा पहाटे उगाच भुंकत असेल, कोपऱ्यात तोंड करून उभा राहत असेल, दाराच्या बिजागरीकडच्या बाजूने बाहेर पडू बघत असेल, तर स्मृती ढळत चालली असू शकते. त्याच्याकडे दुर्लक्ष करू नका. पाण्यापर्यंत जाणारा रात्रीचा छोटा दिवा लावा, घसरत्या फरशीवर सतरंजी टाका आणि डॉक्टरांशी औषधाबद्दल बोला.

पक्षी, ससे, कोंबडे

बजरीगर, ज्यांना बाजारात सरसकट लव्हबर्ड म्हणतात, आणि कॉकटील यांना १० ते १२ तास अंधार लागतो. सातला उठवायला हवं असेल तर रात्री आठला पिंजरा झाका. गडद सुती कापड वापरा आणि उन्हाळ्यात एक बाजू उघडी ठेवा. हिरवा पोपट पाळणं मात्र वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, त्यामुळे त्याचा विचार इथे नाही. ससा पहाटे पिंजऱ्याच्या तारा चावतो आणि मागचा पाय आपटतो. रात्री अकराला भरपूर कोरडं गवत घातलं की दातांना काम मिळतं. कोंबड्याला झाकून फारसा उपयोग नाही. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही पहाटेच्या सुमारास आरवत राहतात, कारण ते घड्याळ त्यांच्या शरीरात असतं.

ठरलेल्या वेळी उठवायला शिकवायचं असेल तर

काहींना जनावराने उठवलेलं आवडतं, फक्त वेळ आपली हवी असते. ते जमतं. मोबाइलवर एक असा स्वर निवडा जो फोन, संदेश, कशालाही वापरलेला नाही. दिवसा, भुकेच्या वेळी, तो तीन सेकंद वाजवा आणि लगेच खाऊचा नखाएवढा तुकडा द्या. दिवसातून दोनदा, दर वेळी पाच फेऱ्या, पाच दिवस. स्वर वाजताच ते तुमच्याकडे धावत आलं की दुसरा टप्पा: आडवे व्हा, डोळे मिटा, हात गादीबाहेर ठेवा, स्वर वाजवा. कुत्रा नाक हाताला लावेल त्या क्षणी खाऊ. चाटलं, उडी मारली, भुंकला तर काही नाही. आठवड्याभरानंतर हे पहाटेच्या खऱ्या गजरावर न्या. पहिला महिना खाऊ डबीत घालून उशाखाली ठेवा, म्हणजे उठून शोधावा लागणार नाही. डबी घट्ट झाकणाची हवी, नाहीतर मांजर गजराची वाट बघत नाही.

रविवारी उशिरा उठायचं असेल तर गजर वाजवूच नका आणि त्या दिवशीचा खाऊ नाश्त्यानंतर द्या. स्वर नाही म्हणजे अंथरुणातला खाऊ नाही, हे त्यांना दोन-तीन रविवारांत कळतं.